गोंडे कोण मोजतं? (बिशपचं कोट ऑफ आर्म्स आणि माझी फजिती)

कंपोजवाला
मंडळी नमस्कार. वसईत माझा छोटासा प्रेस आहे, पत्रिका, बिलबुकं, फ्लेक्स असलं किरकोळ काम. निम्मं गिऱ्हाईक ख्रिस्ती त्यामुळे बाप्तिस्म्याचं कार्ड, मयताच्या मिस्साचं कार्ड वगैरे डोळे मिटून कंपोज करतो. गेल्या महिन्यात एका धर्मग्रामाच्या (पॅरिशच्या) ज्युबिलीचं निमंत्रण आलं. बाहेरचे एक बिशप पाहुणे होते, फादर म्हणाले वर बिशपसाहेबांचं चिन्ह टाक (कोट ऑफ आर्म्स, म्हणजे मधे ढाल, वर टोपी, टोपीच्या दोऱ्यांना दोन्हीकडे गोंडे). व्हॉट्सअपवर फोटो पाठवला तो एवढासा, झूम केला की नुसते चौकोन. मी म्हटलं ढाल तेवढी कोरलमध्ये नव्याने काढू आणि टोपी-दोऱ्या नेटवरून उचलू, त्या काय सगळ्यांच्या सारख्याच असणार. उचलल्या. लालभडक टोपी, दोन्हीकडे गोंडेच गोंडे, एकदम भरगच्च दिसत होतं. प्रूफ पाठवलं, दोन मिनिटांत ओके आलं (मोबाईलवर बघून प्रूफ ओके करणाऱ्यांना माझा साष्टांग), तीनशे कार्डं छापून मोकळा.

फादर न्यायला आले, गठ्ठ्यातलं वरचं कार्ड उचललं, चष्मा कपाळावर सरकवला आणि खो खो हसत सुटले. "अरे बाबा, पोपच्या आधी तूच यांना कार्डिनल करून टाकलंस!" मग बोटाने गोंडे मोजून दाखवले. एका बाजूला पंधरा. पाहिजे होते सहा, आणि टोपी हिरवी.

आता परत छापायचीत. पण डोक्यात किडा शिरलाय. हे गोंडे खरंच कोणी मोजतं का? हिरवं काय, लाल काय, ढालीत काय काढायचं हे कोण ठरवतं? जाणकारांनी उजेड पाडावा.

चौकस
पॉपकॉर्न घेऊन बसलोय. शीर्षक वाचून आधी वाटलं पडद्याच्या गोंड्यांचा धागा आहे.

लिपीवेडा
माझा आवडता विषय, त्यामुळे लांबण लागणार, माफी असावी.

मोजतात, आणि मोजायलाच ठेवलेत. पोलिसाच्या खांद्यावरचे स्टार कसे, तसं समज. साध्या धर्मगुरूला काळी टोपी आणि दोन्ही बाजूंना एकेक गोंडा. बिशपला हिरवी टोपी, एका बाजूला सहा. आर्चबिशपला हिरवीच पण दहा. पॅट्रिआर्क (आर्चबिशपच्याही वरचा मान) असेल तर हिरवी आणि पंधरा. कार्डिनलला, म्हणजे पोपने नेमलेल्या, पोपच्या खालोखालच्या मानकऱ्याला, लाल आणि पंधरा. हे आकडे उगाच नाहीत, गोंडे वरून खाली त्रिकोणात लावतात, एक-दोन-तीन झाले सहा, चौथी ओळ लावली की दहा, पाचवी लावली की पंधरा. शाळेतल्या त्रिकोणी संख्या आठवा. म्हणजे खरं तर गोंडे मोजायचीही गरज नाही, नुसत्या ओळी मोजायच्या. तीन ओळी बिशप, चार आर्चबिशप, पाच त्याच्या वर.

दुसरी खूण ढालीच्या मागे. तिथे उभा क्रूस असतो, मिरवणुकीत काठीवर धरतात तो. बिशपचा एका आडव्या दांडीचा, आर्चबिशपचा दोन दांड्यांचा. तुझ्या लाल फाईलमध्ये दोन दांड्या नव्हत्या ना? असतील तर तू त्यांना नुसतं कार्डिनल नाही, आर्चबिशपपण केलंस.

टोपीला गलेरो म्हणतात. मुळात यात्रेकरूंची रुंद काठाची टोपी, हनुवटीखाली बांधायच्या दोऱ्या, दोऱ्यांच्या टोकाला गोंडे. पोप चौथ्या इनोसंटने १२४५ साली लियोंच्या परिषदेत कार्डिनलांना लाल टोपी दिली, तिथून ती मानाची झाली. लाल कशाला तर चर्चसाठी रक्त सांडायची तयारी, असा अर्थ लावतात. आणि गंमत म्हणजे ही टोपी आता कोणी डोक्यावर घालतच नाही. पोप सहाव्या पॉलने १९६९ मध्ये पोशाखाची बरीच छाटाछाट केली त्यात ती गेली. डोक्यावरून गेली, कागदावर राहिली.

कंपोजवाला
च्यायला. दोन दांड्या होत्या 🤦

चौकस
प्रमोशनवर प्रमोशन 😂

आंतोन नाना
कंपोजवाल्या, मनाला लावून घेऊ नकोस. आमच्या लहानपणी बिशप दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा संस्कार) द्यायला यायचे तेव्हा आम्हा पोरांना त्या चिन्हातलं काही कळायचं नाही, टोपीला आम्ही कोळीण म्हणायचो कारण दोन्हीकडे जाळी सोडल्यासारखी दिसायची. कॅथेड्रलमध्ये बिशपची खुर्ची असते तिच्या वर ते लावलेलं असतं. बिशप बदलले की चिन्ह बदलतं हे मात्र लक्षात यायचं. ते गावाचं नाही, माणसाचं असतं.

लाल टोपीवरून आठवलं. आपल्या देशाचे पहिले कार्डिनल मुंबईचे व्हॅलेरियन ग्रेशियस, १९५३ साली झाले. त्यांची लाल टोपी कुलाब्याच्या होली नेम कॅथेड्रलमध्ये आहे, मुंबईत गेलात तर बघा. पूर्वीची रीत अशी की कार्डिनल वारले की त्यांची टोपी त्यांच्या कॅथेड्रलच्या छताला टांगायची, आणि मग ती काढायची नाही. धूळ बसते, झिजते, एक दिवस आपोआप तुकडा तुकडा होऊन खाली पडते. माणसाचा मोठेपणा किती दिवसांचा, ते कुणी बोलून दाखवायची गरज नाही, वर बघितलं की झालं.

फिरस्ती_म्युनिक
नाना, टोपीचं काय सुंदर सांगितलंत.

मी नवऱ्याच्या नोकरीमुळे सध्या म्युनिकमध्ये असते. इथून लोकलने पाऊण तासाच्या आत फ्रायझिंग गाव लागतं, तिथे टेकडीवर जुनं कॅथेड्रल आहे. पहिल्यांदा गेले तेव्हा मला चर्चपेक्षा अस्वलच जास्त दिसलं. गावाच्या चिन्हात अस्वल, आणि अस्वलाच्या पाठीवर चक्क बोचकं बांधलेलं! मी म्हटलं हे काय सर्कशीचं गाव आहे का.

मग कळलं. आठव्या शतकातला संत कोर्बिनियन, तो रोमला निघाला होता, वाटेत जंगलात अस्वलाने त्याचं ओझ्याचं घोडं मारलं. संताने अस्वलाला झापलं आणि घोड्याचं ओझं त्याच्याच पाठीवर लादलं, चल आता तूच ने. अस्वल मुकाट्याने रोमपर्यंत गेलं, तिथे संताने त्याला सोडून दिलं. तर योसेफ रात्सिंगर १९७७ मध्ये म्युनिक-फ्रायझिंगचे आर्चबिशप झाले तेव्हा त्यांनी हे अस्वल आपल्या ढालीत घेतलं, आणि २००५ मध्ये पोप बेनेडिक्ट झाल्यावरही ते काढलं नाही. आता त्यात मला आवडलेली गोष्ट. संत ऑगस्टिनने एका स्तोत्रावर लिहिलंय की देवा मी तुझ्यासाठी ओझ्याचं जनावर झालो. ऑगस्टिनला खरं तर अभ्यासात बुडून राहायचं होतं, लोकांनी धरून धर्मगुरू केला, पुढे बिशप झाला आणि मग रोजचे तंटे, तक्रारी, कामं. रात्सिंगरही मूळचे प्राध्यापक. त्यांनी आपल्या आठवणींत लिहिलंय की अस्वल तरी रोमला पोचल्यावर सुटलं, माझं ओझं कधी उतरणार मला माहीत नाही. हे त्यांनी पोप व्हायच्या आधीच लिहिलंय हं! ओझं उतरवायचं सोडून वर अजून लादलं.

चौकस
आणि २०१३ ला राजीनामा दिला. अस्वल सुटलं म्हणा की.

फिरस्ती_म्युनिक
अगदी! २८ फेब्रुवारी २०१३. मला ती बातमी तेव्हा नुसती बातमी वाटली होती, आता ढाल बघितली की पहिलं तेच आठवतं.

बाकी त्यांच्या ढालीत मधोमध शिंपला आहे. तोही ऑगस्टिनचाच, गोष्ट बहुतेकांना माहीत असेल, समुद्रकाठी एक पोरगं शिंपल्याने समुद्राचं पाणी वाळूतल्या खड्ड्यात ओतत असतं, ऑगस्टिन म्हणतो अरे हे कसं मावेल, तर पोरगं म्हणतं तुझ्या डोक्यात देव कसा मावेल. शिवाय शिंपला म्हणजे यात्रेकरूची खूण. आणि बघणाऱ्याच्या डाव्या हाताला मुकुट घातलेलं एका काळ्या माणसाचं मस्तक, फ्रायझिंगचा मूर म्हणतात, ते फ्रायझिंगच्या बिशपांच्या चिन्हात चौदाव्या शतकापासून आहे.

शंकासुर
ते मस्तक मी पाहिलंय. जाड लाल ओठ, कानात बाळी. सॉरी पण आजच्या काळात हे खटकतं. परंपरा म्हणून काहीही चालवून घ्यायचं का? आणि एकूणच गरिबांच्या येशूच्या नावाने ढाली, मुकुट, दरबारी थाट, हा विरोधाभास कोणालाच दिसत नाही?

लिपीवेडा
शंकासुरा, दोन वेगळे प्रश्न आहेत. मूर तिथे मुळात कशासाठी आला हे पक्कं ठरलेलं नाही. कोणी संत मॉरिसशी जोडतं, कोणी बाळ येशूला भेटायला आलेल्या तीन राजांपैकी बाल्थाझारशी. मस्तकावर मुकुट आहे त्यामुळे टिंगल म्हणून आला नसावा असं मला वाटतं, पण आज बघणाऱ्याला खटकलं तर तेही खोटं नाही.

थाटाबद्दल मात्र थोडा असहमत. ढाल आली लढाईतून, बाराव्या शतकात चिलखतातला माणूस ओळखू यावा म्हणून. बिशप लोकांनी घेतली ती शिक्क्यासाठी, पत्रावर मेणाचा शिक्का मारायचा तर खूण हवी. सरदारांच्या ढालीवर शिरस्त्राण असतं, बिशपांनी शिरस्त्राण काढून यात्रेकरूची टोपी ठेवली. १९६९ च्याच त्या हुकुमात चिन्हावर मायटर (बिशपची उंच टोकदार टोपी) आणि मेंढपाळाची काठीसुद्धा नको असं सांगून टाकलं, क्रूस आणि टोपी पुरे. त्यामुळे एखाद्या बिशपचं (पोप सोडून) मायटरवालं चिन्ह दिसलं तर एकतर ते त्याच्या आधीचं असतं, नाहीतर अँग्लिकन बिशपचं, नाहीतर काढणाऱ्याने मनाने घातलेलं.

शंकासुर
टोपीचा मुद्दा मान्य. थाटाचा नाही. पण चालू द्या, ज्ञानात भर पडतेय.

म्हापशेकर
गोंयांतून हजेरी.

आमच्याकडे गंमत बघा. गोव्याच्या आर्चबिशपांना १८८६ पासून ईस्ट इंडीजचे पॅट्रिआर्क हा मान आहे, म्हणजे टोपी हिरवी पण गोंडे पंधरा. मग २०२२ मध्ये आर्चबिशप फिलिप नेरी फेर्राव कार्डिनल झाले. आता गोंडे तेवढेच, रंग मात्र बदलून लाल. कंपोजवाले, तुम्ही आमच्या पणजीत प्रेस काढला असता तर आकड्यात चुकायचा प्रश्नच नव्हता 😀

आणखी एक, जुन्या गोव्यात फिरताना चाक दिसलं तर ते बैलगाडीचं समजू नका. ते संत कॅथरिनचं. तिला खिळ्यांच्या चाकावर मारायचं ठरलं आणि चाकच मोडलं अशी कथा. आल्बुकर्कने गोवा घेतलं २५ नोव्हेंबर १५१० ला, तो तिच्या सणाचा दिवस, म्हणून से कॅथेड्रल तिच्या नावाचं आणि पोर्तुगीज काळातल्या गोव्याच्या चिन्हात तिचं चाक. जिंकणाऱ्याने तारीख चिन्हात कोरून ठेवली. आमच्या आज्याला ते चाक आवडत नसे, का ते कळायला मला बरीच वर्षं लागली.

फक्त जुन्या दगडी ढालींवर गोंडे मोजून हुद्दा काढायला जाऊ नका. कार्डिनलांचे पंधरा हे १८३२ ला पक्के झाले, त्याआधी कोरणाऱ्याला जागा किती त्यावर गोंडे.

कंपोजवाला
"जागा किती त्यावर गोंडे" हे वाक्य मी प्रेसमध्ये फ्रेम करून लावणार.

बरं एक अडचण. फादरनी आता चांगला फोटो दिलाय आणि सोबत दोन ओळी इंग्रजीत टाईप केलेल्या, त्यात कुठली वस्तू डेक्स्टर वगैरे लिहिलंय. मी डेक्स्टर म्हणजे उजवीकडे धरून काढलं तर फोटोत ती वस्तू डावीकडे आहे. फोटो उलटा आलाय का?

लिपीवेडा
थांब थांब थांब, परत छापशील! फोटो बरोबर आहे. ढालीचं उजवं-डावं हे ढाल धरणाऱ्याचं, बघणाऱ्याचं नाही. ढालीमागे माणूस उभा आहे असं समज, त्याचा उजवा हात म्हणजे तुझ्या डाव्या हाताला.

आणि त्या दोन ओळी जपून ठेव, खरं चिन्ह म्हणजे त्या दोन ओळी. चित्र नव्हे. कुठल्या रंगावर कुठली वस्तू कुठे एवढं शब्दांत ठरलेलं असतं, मग दहा चित्रकारांनी दहा तऱ्हेने काढलं तरी सगळी बरोबर. सिंह लठ्ठ काढ नाहीतर रोडका.

आंतोन नाना
पण ओळखू तरी यायला हवं. पोप फ्रान्सिसच्या ढालीत नार्डचं फूल होतं, संत जोसेफची खूण. लोकांना ते द्राक्षाचा घड वाटला, कितीतरी जणांनी तसंच छापलं. मग मार्च २०१३ च्या शेवटी सुधारून काढलं, सोबतचा मारियेचा (येशूच्या आईचा) ताराही पाच टोकांचा होता तो आठ टोकांचा केला. म्हणजे पोपचंही प्रूफ एकदा चुकलं होतं, तुझं काय घेऊन बसलास.

ब्रीदवाक्य मात्र तेच ठेवलं, ब्युनोस आयरेसला बिशप असतानाचं, मिझेरांदो आत्क्वे एलिजेंदो. येशू जकातवाल्या मत्तयकडे बघतो, त्याची कीव येते आणि त्याचीच निवड करतो, त्यावर संत बीडने जे प्रवचन दिलं त्यातले शब्द. १९५३ साली मत्तयच्या सणाच्या दिवशी पापकबुलीला गेले असताना त्यांना धर्मगुरू व्हायची हाक आली असं ते सांगत. म्हणजे ज्याच्या हिशेबात खोट, तोच निवडला गेला.

चौकस
म्हणजे टोपी सांगते पद काय, ढाल सांगते माणूस कोण.

लिपीवेडा
हेच मी वर चार परिच्छेदांत सांगत होतो, तू एका ओळीत आटपलंस, निषेध.

पोप लिओ चौदावे यांचंही बघ, ८ मे २०२५ ला निवडून आले. निळ्यावर पांढरी लिली, ती मारियेची, आणि खाली पुस्तकावर बाणाने भेदलेलं हृदय, ते ऑगस्टिनच्या संघाचं, कारण ते त्याच संघातले. कार्डिनलची लाल टोपी गेली, मागे किल्ल्या आल्या.

कंपोजवाला
आता शेवटचा आणि खरा प्रश्न, पोटाचा. दुसऱ्यांदा चार रंगात छापणं मला परवडत नाही, चूक माझी आहे त्यामुळे फादरकडे मागायला तोंड नाही. एका रंगात काळ्यात छापलं तर हिरवी टोपी हिरवी कशी कळणार? करड्या रंगाचा टिंट मारला तर लालपण तसाच दिसतो.

लिपीवेडा
अरे यासाठीच तर मी या छंदाच्या प्रेमात पडलो! सिल्वेस्तर पेत्रासांक्ता नावाचा जेझुइट संघातला धर्मगुरू, त्याच्या १६३८ च्या पुस्तकातली पद्धत. तेव्हाही छापखान्यात एकच शाई, तुझ्यासारखीच अडचण. मग प्रत्येक रंगाला रेषा ठरवल्या. सोनेरी म्हणजे ठिपके. चांदी म्हणजे कोरी जागा. लाल म्हणजे उभ्या रेषा, निळा म्हणजे आडव्या, काळा म्हणजे उभ्या-आडव्यांची जाळी, हिरवा म्हणजे तिरप्या, बघणाऱ्याच्या डावीकडून वरून उजवीकडे खाली. उलट तिरप्या मारल्यास तर जांभळा होईल, सांभाळ. जुन्या कोरीव छापांत ढालीवर रेघोट्या दिसतात त्या सजावट नसते बहुतेकदा, तो रंग असतो.

अजून एक फुकटचा सल्ला. सोनेरी आणि चांदी हे धातू, बाकीचे रंग. धातूवर धातू नाही, रंगावर रंग नाही. पांढऱ्यावर पिवळं कधी वाचता येतं का, फ्लेक्सवाल्याला मी काय सांगणार. जेरुसलेमच्या राज्याने चांदीवर सोन्याचा क्रूस घेऊन हा नियम मोडला होता, व्हॅटिकनचा झेंडाही पिवळा-पांढरा आहेच, पण त्यांना कोण बोलणार.

फिरस्ती_म्युनिक
थांबा, म्हणजे इथल्या जुन्या छापील चित्रांवरच्या रेघोट्या वाचता येतात?? रविवारी परत फ्रायझिंगला जाणं आलं. वाखूसा (वाचनखूण साठवली).

शंकासुर
हे मात्र खरंच भारी आहे. थाटाचा मुद्दा अजून कायम, नोंद घ्यावी.

कंपोजवाला
(आठ दिवसांनी) अपडेट.

तिरप्या रेषा पाव पॉइंटच्या मारल्या, टोपी कार्डावर जेमतेम दीड सेंटीमीटर, पहिल्या ओढीलाच शाई भरून काळा डबरा. रेषा कमी केल्या, अंतर वाढवलं, प्लेट पुन्हा केली. दुसऱ्या वेळी टोपीवर रेषा नीट सुटल्या पण गोंडे चिकटून त्यांचा घोस झाला, नानांचं द्राक्ष आठवलं. मग गोंडे नुसत्या बाह्यरेषेत ठेवले, आत काही नाही. एक, दोन, तीन. क्रूसाची दांडी एक. वस्तू डेक्स्टरला, म्हणजे माझ्या डावीकडे.

फादर आले. मी काही बोललो नाही, भिंग पुढे केलं. त्यांनी आधी गोंडे मोजले, मग टोपीवर भिंग धरून म्हणाले या रेघा कसल्या? मी म्हटलं फादर, हा हिरवा रंग आहे. त्यांना ठाऊक नव्हतं! दहा मिनिटं उभं राहून सगळ्या रेषा ऐकून घेतल्या आणि प्रवचनात वापरतो म्हणाले.

जाताना त्या लाल कार्डांतलं एक मागून घेतलं, बिशपसाहेबांना दाखवायला. मी नको नको म्हणत होतो.

चौकस
मग? बिशप काय म्हणाले?

कंपोजवाला
ज्युबिली येत्या रविवारी आहे. मलाही जेवायला बोलावलंय. पोटात गोळा आलाय.

आंतोन नाना
बिनधास्त जा. आणि दुसऱ्या छपाईचे पैसे घेतलेस का?

कंपोजवाला
फक्त कागदाचे, नाना.